बुडातलं शिसं

कराडच्या धावपट्टीवर पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते
आणि कृष्णेवरून घारी वर चढत होत्या.
आम्ही चौघं. कुरियनबाई रेडिओवरचं बोलणं ऐकणार,
फडतरे नकाशे बघणार, बोधेकडे नियम.
मी प्रमुख, म्हणजे शेवटची सही माझी.

विमान उडवणं आमचं काम नाही,
विमानाला वाट सांगणंही नाही.
वाट सांगणाऱ्याचं सांगणं
वजनात पुरं उतरतं का,
एवढंच बघायचं.
काही घडलं नाही की आमचं वर्ष बरं गेलं,
आणि न घडलेल्याचा फोटो पेपरात येत नाही.

मनोऱ्यात तौफिक शिकलगार. सत्ताविशीतला.
चहा सांगितला, विसरून पुन्हा सांगितला.
मग कुणी न मागताच नोंदवही उघडली
आणि माझ्यापुढे सरकवली:

‘दुपारी एक दहा. वैमानिकास दृश्यमानता पाच किलोमीटर सांगितली.
आकडा वीस मिनिटांपूर्वीचा होता.
दरम्यान पश्चिमेस उसाचं पाचट पेटलेलं.
शिकाऊ विमान उडालं, धुरात शिरलं, वळून उतरलं.
चूक माझी.’

तक्रार कुणाचीच नव्हती.
उडवणारी पोर एकोणीस वर्षांची,
तिला वाटलं होतं
आकाश असंच असतं.

बोधेचं पेन उघडलेलं. मॅडम, कबुलीच आहे ही.
नाव घालू, कारवाई सुचवू, चारच्या आत निघू.
नियमाला धरून तो चुकत नव्हता.

माझे वडील वजनमापं तपासायचे,
इथंच, गूळबाजारात.
सायकलच्या कॅरिअरला पितळी वजनांची पेटी,
बोटांना बारमाही चिकटा.
मापात पाप शोधत हिंडणारा माणूस,
पेठेच्या तोंडाशी दिसला
की तागड्या आत जायच्या.
एकदा एक अडत्या आपणहून दारात आला,
पिशवीतून पाच किलोचं वजन काढून म्हणाला,
साहेब, झिजलंय.
वडिलांनी पावतीपुस्तक काढलं नाही.
वजन उलटं केलं,
दुसऱ्या दिवशी बुडाच्या भोकात शिसं ओतून घेतलं,
वर नवा शिक्का.
आळीत कुजबुज, ढेप पोचली असणार.
आई दोन दिवस बोलली नाही.
मी सातवीत होते,
मलाही ढेपेचंच खरं वाटलेलं.

मी शिकलगारच्या खुर्चीत बसले.
एकची वेळ होऊ दिली.
जोडीदार जेवायला गेला की
फोन, रेडिओ, वारा, आकाश, डबा
सगळं एकट्याच्या हाती.
आणि पश्चिमेच्या काचेत, बरोबर मधोमध,
कूलर बसवलेला.
मान लांब केली तर त्याच्या कडेने
वीतभर शिवार दिसतं.
ऊस कुणाचा? विचारलं.
नाव माहीत होतं. नंबर नव्हता.

रात्री विश्रामगृहात अहवाल लिहिला.
कूलर लिहिला. एक ते दोनचा एकटा माणूस लिहिला.
नसलेला नंबर लिहिला.
नाव आलं तिथं पेन थांबवलं,
आणि ‘कर्तव्यावरील नियंत्रक’ एवढंच ठेवलं.

बोधे दारात उभा.
आणि ती पोर उतरली नसती तर, मॅडम?

मी उत्तर दिलं नाही.
म्हणजे होतं एक, वडिलांच्या आवाजातलं,
पण ते तिच्या आईपुढे उभं राहून
म्हणता येईल का, ठाऊक नव्हतं.
पंखा रात्रभर कुरकुरत होता.

सकाळी सही करायला परत मनोऱ्यात गेलो.
कूलर जिन्यात, पाय वर करून पडलेला.
शिकलगार फोनवर, आमच्याकडे पाठ:
आबा, आज दुपारी नका पेटवू.
न्हाय वो, वारं तुमच्याकडनं इकडं हाय.
आबा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.
त्यानं फोन ठेवला, उठून काचेपाशी गेला,
बराच वेळ बघत राहिला,
मग वहीत वेळ घातली
आणि पुढे लिहिलं:
धूर, थोडा.